एका बादलीचं वीजबिल

थंडीच्या दिवसांत नळाचं पाणी साधारण 22 अंशांचं असतं आणि आंघोळीला ते 42 अंशांपर्यंत तापवावं लागतं. 20 लिटरची एक बादली एवढी तापवायची तर जवळपास अर्धं युनिट वीज खर्च होते. शाळेत शिकवलेल्या उष्णतेच्या गणितातून हा आकडा कुणालाही काढता येतो. चौघांच्या घरात रोज चार बादल्या धरल्या तर महिन्याला 55 युनिट. गिझर चालू ठेवून दिला तर टाकीतली ऊब हळूहळू बाहेर जाते आणि ती भरून काढायला लागणारी वीज वेगळी.

दिवा चालू राहिला म्हणून घराघरांत मुलांना ओरडा बसतो. 9 वॉटचा एलईडी दिवा सलग 50 तास जळला, तेव्हा कुठे त्या एका बादलीएवढी वीज संपते. बादलीऐवजी शॉवर असेल आणि त्यातून मिनिटाला 8 लिटर पाणी येत असेल, तर पाच मिनिटांत 40 लिटर जातात. पाणी दुप्पट आणि वीजही दुप्पट.

घरातली बचत सुरू करायची ती इथून. वीजबिल आणि पाणीपट्टी वेगवेगळ्या कागदांवर येतात, म्हणून ते दोन वेगळे विषय वाटतात. पण पाणी चढवायला, शुद्ध करायला आणि तापवायला वीजच लागते. सोलापूरचं पाणी उजनी धरणातून शंभरहून अधिक किलोमीटरच्या जलवाहिनीतून येतं. छत्रपती संभाजीनगरसाठी ते जायकवाडीतून उपसून वर चढवावं लागतं. तिथून इमारतीच्या खालच्या टाकीत, मग पंपाने गच्चीवरच्या टाकीत. एक हजार लिटर पाणी दहा मजले वर न्यायला पंपाची गळती-घट धरून साधारण 0.2 युनिट लागतं. 50 बिऱ्हाडांच्या सोसायटीत एवढ्यानेच महिन्याला दीडशेच्या वर युनिट होतात, आणि वरची टाकी भरून वाहत असेल तर त्यातला काही भाग थेट गटारात जातो. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारं साधं यंत्र बसवायला फारसा खर्च येत नाही. तरीही कित्येक इमारतींत हे काम अजून वॉचमनच्या लक्षात राहण्यावर चालतं.

खरेदीच्या आधी मोजणी करायला हवी. महावितरणच्या घरगुती दरांची रचना टप्प्यांची आहे: 100 युनिटपर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, त्यापुढे चौथा. प्रत्येक टप्प्याला दर वाढत जातो. याचा अर्थ असा की महिन्याला 340 युनिट वापरणाऱ्या घराने 60 युनिट वाचवले, तर त्यातली 40 युनिटं ही बिलातली सर्वांत महाग युनिटं असतात. थोडी बचत बिलात जास्त दिसते ती यामुळे. बिलाच्या कागदावर मागच्या काही महिन्यांच्या वापराचा आलेखही छापलेला असतो. तो नीट पाहिला तर घराची सवय कळते: उन्हाळ्यात उंचवटा असेल तर एसी किंवा कूलर, हिवाळ्यात असेल तर गिझर, आणि बाराही महिने सपाट असेल तर पंखे आणि फ्रीज.

एक चाचणी घरच्या घरी होते. रात्री सगळी बटणं बंद करायची, प्लग काढायचे आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहायचा. सगळं बंद असूनही तो लुकलुकत राहिला तर काहीतरी वीज खातं आहे: विसरलेला सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राउटर, इन्व्हर्टर. तेही बंद असेल तर वायरिंगमध्ये दोष असू शकतो आणि तो इलेक्ट्रिशियनला दाखवलेला बरा, कारण तिथे प्रश्न बिलापुरता राहत नाही, जिवाचाही होतो.

भारतात दिव्यांचा प्रश्न बराचसा सुटला आहे. 2015 साली सुरू झालेल्या उजाला योजनेत 36 कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. घाऊक खरेदीमुळे तीनशे रुपयांच्या घरात असलेला बल्ब शंभराच्या आत आला आणि खेड्यापाड्यांतही पिवळे बल्ब दिसेनासे झाले. पंख्यांच्या बाबतीत ही मजल अजून मारायची आहे. जुन्या घडणीचा छताचा पंखा पूर्ण वेगात साधारण 75 वॉट घेतो. बीएलडीसी, म्हणजे चुंबकाच्या फिरत्या भागाची आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची मोटर असलेला पंखा तेवढीच हवा 30 वॉटच्या आसपास देतो. दिवसाला 15 तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला 20 युनिट वाचतात. तीन पंख्यांमागे 60. वर सांगितलेली 60 युनिटं ती हीच. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या तरुणांनी उभ्या केलेल्या अ‍ॅटमबर्ग या कंपनीने हे पंखे भारतीय घरांत लोकप्रिय केले, आणि मग जुन्या कंपन्यांनाही ते बनवावे लागले. जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं आहे.

या लेबलाबद्दल दुकानात फार वेळ फक्त ताऱ्यांचीच चर्चा होते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2006 साली ही पद्धत आणली आणि दर काही वर्षांनी तिचे निकष कडक होत जातात. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नसतात. फ्रीज आणि एसीच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील हे छापलेलं असतं. दोन फ्रीजमध्ये निवड करताना तो आकडा पाहावा. फ्रीज चोवीस तास चालतो, म्हणून त्याच्या दाराचं रबर सैल झालं असेल तर ते बदलणं आणि मागे भिंतीपासून चार बोटं जागा सोडणं हे फुकटच्या जवळ जाणारे उपाय आहेत.

एसीच्या बाबतीत नियम एका आकड्यात सांगता येतो. जानेवारी 2020 पासून स्टार लेबलच्या घरगुती एसींना सुरू करताच 24 अंशांवर येण्याची सक्ती आहे. ब्युरोच्या हिशेबाने तापमान एक अंशाने वर ठेवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 18 अंशांवर लावून चादर ओढून झोपणाऱ्या घराने 25 अंश आणि मंद पंखा असा जोड करून पाहावा. झोप तशीच लागते.

पण एसी घ्यावाच का लागतो, हा त्याआधीचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात घरं तापतात ती बहुतेक वेळा छतातून. शेवटच्या मजल्यावरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडत राहतो, त्यामुळे नागपूर किंवा जळगावात बाहेरची हवा निवली तरी खोली निवत नाही. कोकणातल्या कौलारू घरात छप्पर आणि खोली यांच्या मध्ये माळा असायचा. ती मधली हवा उष्णता अडवायची. खानदेश-मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरांत मातीचा जाड थर तेच काम करायचा. आजच्या स्लॅबला असं काहीच पांघरूण नसतं.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय पांढरा रंग. 2010च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने 2013 साली देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे झोपडवस्त्यांची हजारो छपरं चुन्याने पांढरी करून घेतली. तेलंगणाने 2023 साली थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं. पांढरं छत ऊन परतवतं, त्यामुळे स्लॅब तापतोच कमी आणि खोलीचं तापमान काही अंशांनी उतरतं. चुना दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा लावावा लागतो. गच्ची वापरात असेल तर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक जास्त टिकतो. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूचा पडदा सोडावा. ऊन काचेतून आत आल्यावर अडवण्यात फारसा अर्थ उरत नाही.

विदर्भाने यावर पिढ्यान्‌पिढ्या वेगळं उत्तर शोधलं आहे. वाळ्याच्या ताट्या पाणी शिंपडून दारा-खिडक्यांना लावायच्या, आणि त्याचीच पुढची पायरी म्हणजे कूलर. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने वाळतं आणि वाळताना हवेतली उष्णता घेतं. म्हणून दीडशे-दोनशे वॉटचा कूलर तिथे दीड हजार वॉटच्या एसीला पर्याय ठरतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत तो निरुपयोगी. पण कूलर तासाला कित्येक लिटर पाणी पितो आणि विदर्भात पाण्याची ओढ असते ती नेमकी मे महिन्यातच. इथे विजेची बचत पाण्याच्या खात्यातून होते. कुठल्या गावात काय मुबलक आहे, हे पाहूनच निवड करावी लागते.

पाण्याच्या हिशेबात पहिली अडचण अशी की बहुतेक घरांना आपण किती वापरतो हेच माहीत नसतं. शहरी घरासाठी माणशी रोज 135 लिटर हे प्रमाण धरलं जातं. ज्या शहरांत पाणीपट्टी ठोक आकारली जाते तिथे 100 लिटर वापरणारा आणि 300 लिटर वापरणारा दोघं सारखेच पैसे भरतात. शिवाय पाणी एक-दोन दिवसांआड येत असेल तर घरोघर साठवण होते आणि नवं पाणी आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून ओतून दिलं जातं. पाणी एका दिवसात शिळं होत नसतं. झाकून ठेवलं तर तेच पाणी दुसऱ्या दिवशीही तितकंच चांगलं असतं, आणि पिण्यासाठी नको वाटलं तर धुण्याभांड्याला नक्कीच चालतं.

कराडजवळच्या मलकापूरने या चक्रातून बाहेर पडून दाखवलं. प्रत्येक नळाला मीटर, चोवीस तास पाणी आणि जास्त वापराला चढता दर. पाणी केव्हाही येतं म्हटल्यावर साठवण्याचं आणि ओतण्याचं कारणच उरलं नाही. चोवीस तास दिलं की लोक उधळतील ही शंका सगळीकडे असते. मीटर आणि दर जोडीला असले की तसं होत नाही, हे या छोट्या गावाने सिद्ध केलं. पुण्यातही समान पाणीपुरवठा योजनेत मीटर बसवले जात आहेत आणि त्यांना होणारा विरोध समजण्यासारखा असला, तरी मोजल्याशिवाय न्याय्य वाटप होणार नाही. हिवरे बाजारचं उदाहरण शेतीचं म्हणून बाजूला ठेवलं जातं. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यात पिण्याच्या पाण्याचा वाटा सर्वांत आधी काढून ठेवला. सोसायट्यांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलावी.

घरातला मोठा खर्च संडासात होतो. जुनी फ्लशची टाकी एका वेळी 10 लिटर सोडते. चौघांच्या घरात दिवसाला वीस वेळा फ्लश झाला तर 200 लिटर. दोन बटणांच्या टाकीत मोठं बटण 6 लिटर आणि छोटं 3 लिटर सोडतं; तेवढ्याच वापराला 70-75 लिटर पुरतात. टाकी बदलणं शक्य नसेल तर पाण्याने भरलेली लिटरची बाटली झाकण लावून टाकीत उभी ठेवावी, दर वेळी लिटर वाचतं. वीट ठेवू नये. ती झिजते आणि तिचा चुरा व्हॉल्व्हमध्ये अडकतो. टाकी गळते का हे पाहायला तिच्यात खाण्याचा रंग टाकून अर्धा तास कुणी वापरू नये. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलं आहे. ठिबकत्या नळाखाली रात्री तांब्या ठेवून सकाळी तो किती भरला हे पाहिलं की प्लंबरला बोलावण्याचं कारण आपोआप मिळतं.

नळाच्या तोंडाला बसणारी छोटी जाळी, म्हणजे एरेटर, पाण्यात हवा मिसळते. मिनिटाला 10-12 लिटर सोडणारा नळ निम्म्याहून कमी पाण्यात तेवढंच काम देतो. मार्च 2024 मध्ये पाण्याच्या टंचाईने बेंगळुरू हैराण झालं, तेव्हा तिथल्या जलमंडळाने मॉल, हॉटेल आणि अपार्टमेंटना हे एरेटर सक्तीचे केले. टंचाईची वाट न पाहता ते आजच बसवता येतात, भाड्याच्या घरातही. भाडेकरूंना बचतीचे उपाय लागू नाहीत असं मानलं जातं, ते खरं नाही: एरेटर आणि बीएलडीसी पंखे घर बदलताना काढून नेता येतात.

आरओ यंत्र एक लिटर पिण्याचं पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतं. मे 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी आरओ वापरू नये असा आदेश दिला होता. नदी-धरणाचं पाणी घेणाऱ्या अनेक शहरांत क्षार या मर्यादेच्या बरेच खाली असतात आणि तिथे साधा यूव्ही फिल्टर पुरतो. बोअरवेलच्या पाण्याची गोष्ट वेगळी. जिथे आरओ लागतोच, तिथे टाकाऊ पाणी बादलीत धरून फरशी पुसायला किंवा फ्लशला वापरावं. कूलरमध्ये मात्र घालू नये, क्षार जाळीवर बसतात. मोरीचं पाणी परसातल्या अळूला, कर्दळीला, केळीला सोडण्याची रीत आपल्याकडे होतीच. बैठ्या घरांत ती आजही सहज जमते.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत 10 वाघिणी होत्या आणि सुमारे 5 लाख लिटर पाणी. आता हिशेब असा: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस पडला तर 70,000 लिटर. वाया जाणारं वजा करून 80 टक्के धरलं तरी 56,000. तशा नऊ गच्च्यांवरून त्या पहिल्या गाडीएवढं पाणी उतरतं. दुष्काळी वर्षात पाऊस निम्मा पडला तर अठरा गच्च्या लागतील, आणि लातुरात गच्च्यांची कमतरता नाही.

चौघांच्या घराला 56,000 लिटर पाणी जवळपास साडेतीन महिने पुरतं, पण ते चार महिन्यांत पडतं आणि एवढी टाकी शहरात कुणी बांधत नाही. म्हणून पन्हाळीचं पाणी गाळून बोअरवेलमध्ये किंवा शोषखड्ड्यात सोडणं जास्त व्यवहार्य. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतं, ते बाहेर सोडण्याची सोय हवीच. नाहीतर बोअरचं पाणी बिघडतं. मुंबईने मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना 2002 पासून, तर चेन्नईने 2003 पासून सगळ्याच इमारतींना पर्जन्यजलसंचय सक्तीचा केला. कागदावर परवानगीपुरता बांधलेला आणि नंतर गाळाने बुजलेला खड्डा अनेक इमारतींत आहे. मे महिन्यात तो उपसून घेणं हे नव्या कामापेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगाचं.

सौरऊर्जेचा विचार या सगळ्यानंतर करावा. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000, असं एकूण 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. महाराष्ट्रात एक किलोवॉटचे पॅनेल महिन्याला साधारण 120 युनिट देतात आणि त्यांना शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. 340 युनिटच्या घराला तीन किलोवॉट लागतात; पंखे आणि गिझर सुधारून वापर 240 वर आणला तर दोन पुरतात. आधी पॅनेल बसवणारा एक किलोवॉट जास्त विकत घेतो. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने घराघरावर पॅनेल बसवून राज्यातलं पहिलं सौरग्राम होण्याचा मान मिळवला. तिथे प्रत्येक घराचं छप्पर स्वतःचं आहे. शहरातल्या गच्चीवर सगळ्यांची मालकी असते आणि अडतं ते तिथेच.

सौर वॉटर हीटरचं तंत्र पॅनेलहून साधं आणि जुनं. दिवसाला 100 लिटर पाणी तापवणारं संयंत्र वर्षाला दीड हजार युनिटपर्यंत वाचवतं असं सरकारी आकडेवारी सांगते. पुणे महापालिका सौरऊर्जा, पर्जन्यजलसंचय आणि गांडूळखत यांसाठी मालमत्ता करात 5 ते 10 टक्के सवलत देते. मात्र उंच इमारतीत एक खोच असते. गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंत 30 मीटर नळी असेल आणि ती एक इंच जाडीची असेल, तर तिच्यात सुमारे 15 लिटर पाणी गार होऊन थांबलेलं असतं. गरम पाणी येईपर्यंत ते रोज मोरीत वाहून जातं. वीज वाचते, पाणी जातं. नळीला उष्णतारोधक आवरण घालणं, आंघोळी लागोपाठ उरकणं आणि सुरुवातीचं पाणी बादलीत धरणं एवढ्याने ते वाचतं.

सोसायटीत या गोष्टी मंजूर होतात त्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, आणि ती सप्टेंबरअखेर घ्यावी लागते. तिथे वाद रंगतो तो खर्चावर. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या सामायिक मीटरची बारा महिन्यांची बिलं, उन्हाळ्यात मागवलेल्या टँकरच्या पावत्या आणि दोन-तीन ठेकेदारांचे दर हे एका कागदावर मांडून आठवडाभर आधी सभासदांना दिले, तर चर्चा अंदाजांवर चालत नाही. नेट मीटरिंगमध्ये दिवसा जास्त झालेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि रात्री घेतलेल्या विजेतून वजा होते. लिफ्टचा वापर संध्याकाळी वाढत असला तरी पंप दुपारच्या उन्हात चालवता येतो. सामायिक बिल खाली आलं की त्याचा फायदा तळमजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांच्या मासिक देखभाल शुल्कात दिसतो; म्हणून पहिला ठराव घराघरांच्या विजेचा न आणता त्या एका मीटरचा आणावा.